घागर कोणाच्या नावाची

(शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मिशनची प्राथमिक शाळा. दुष्काळी सालातली चैत्रातली दुपार. व्हरांड्यात धर्मशिक्षणाच्या सिस्टर फिलोमिना आणि गावातली शेतकरीण ताईबाई. आतल्या वर्गात आठ वर्षांची रेशमा फळा पुसते आहे.)

ताईबाई : नै सिस्टरबाई, मन्ही पोर मंजुळाना अभ्यास इचाराले नै उनी मी. ताकले जाईसन भांडं काब्र लपाडू? माले रेशमासंगे बोलनं शे.

सिस्टर : काय ते माझ्याजवळ बोला. शाळेत असेतो मुलं माझी.

ताईबाई : शाळा तं सुटनी ना.

सिस्टर : फळा पुसून होईस्तोवर माझ्या हिशेबी सुटत नाही.

ताईबाई : मंग तुमलेच इचारस. मन्हा बाळनं नाव काय शे?

सिस्टर : कुठल्या बाळाचं?

ताईबाई : पौषम्हा गया तो. दुसरा कोठे शे माले?

सिस्टर : मी आले होते तेव्हा तुमच्या दारी. त्याचं बारसं व्हायचं होतं अजून. मग नाव कुठून असेल, ताईबाई? आणि असलं तरी मला कसं ठाऊक असणार?

ताईबाई : बारसं नै व्हयनं, खरं शे. पहिला दोन पोरं गयात ना मन्हा, म्हनीसन सासू म्हने, ह्याले नाव ठेवानी घाई नको करू, नाव ठेवं का नजर लागस. त्याले नजर लागू नै म्हनीसन आमी बिननावना ठेवा, आन तो तसाच गया. पन कोनीतरी त्यानं नाव ठेवेल शे. तुमले म्हाईत शे ते. तुमना तोंडवर दिखी ऱ्हायनं.

सिस्टर : कोणी सांगितलं तुम्हाला हे?

ताईबाई : माटीनी.

सिस्टर : नीट सांगा.

ताईबाई : नालाकाठे पुरेल शे त्याले, पळसना झाडजोडे. गावम्हा टँकर येस तं बाया एकमेकनं डोकं फोडतस, आन त्यानी माटी ओली. आज ओली, उद्या ओली. मी भ्यायनी, सिस्टरबाई. सासू म्हने, पोऱ्या तिसना शे, तहानेल शे, खालथून पानी वढस. तैनपासून मन्ही झोप गयी. रातले तो रडस. घरवाला म्हनतस, कोल्हं शे. कोल्हं मी जलमपासून आयकेल शे, माले कोल्हं नै सांगनं. मी उठीसन दारम्हा उभी ऱ्हास, तोंड उघाडस, आन हाक मारता येत नै. काय म्हनीसन हाक मारू?

सिस्टर : बसा तुम्ही. अशा उभ्या राहू नका.

ताईबाई : मंग काल दुपारले मी पळसना आड दबीसन बठनी. म्हने, जे व्हई ते व्हई, एकदाव देखी तं लेऊ. तं ही उनी, तुमनी रेशमा. हातम्हा तुमनी शाळाना तांब्या.

सिस्टर : शाळेचा तांब्या?

ताईबाई : पितळना, काठवर चेंबेल. पानी टाकं, हात जोडात, गयी. मंग मी रेशमानी मायकडे गयी. मोतीबाई आमना वावरम्हा निंदाले येस, खोटं बोलत नै. तिनी मन्हा पाय धरात. म्हने, अक्का, पोरनी चूक व्हयनी. त्या दिन तू दवाखानाकरता घरवालाले गाडी जुपाले बलावाले गयी, बाळजोडे रेशमा एकलीच व्हती. त्यानं आंग गार पडाले लागनं. तिनी त्याना डोकावर पानी टाकं, शाळाम्हा शिकाडेल ते म्हनं, नाव ठेवं. नाव काय ठेवं ते पोर मायलेबी सांगत नै. सिस्टरनी सांगं शे, बोलू नको.

सिस्टर : आणखी कोणाला ठाऊक आहे गावात?

ताईबाई : कोनले नै. सासूले नै, घरवालाले नै.

सिस्टर : मग ऐका माझं. या शाळेत आमची मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळी तुमची. शेवटच्या तासाला आमची माझ्याकडे धर्मशिक्षणाला बसतात, तुमची पलीकडे पंडित गुरुजींकडे नीतिशिक्षणाला. मध्ये भिंत आहे. तुमच्या एकाही लेकरावर आम्ही कधी पाण्याचा थेंब टाकलेला नाही. पण उद्या ही गोष्ट पारावर गेली, की लोक काय म्हणतील? मिशनवाल्यांनी पाळण्यातलं पोर बाटवलं. मग कुवरसिंगला, रेशमाच्या बापाला, कोण काम देईल? आणि रेशमाला तर दगडच मारतील. झाकली मूठ सव्वा लाखाची, ताईबाई. राहू द्या ती झाकलेली.

ताईबाई : त्या मूठम्हा मन्हा पोऱ्या शे.

सिस्टर : तसं नका हो म्हणू.

ताईबाई : तुमी वसईकडल्या. तुमले आखाजी काय म्हाईत?

सिस्टर : इतकी वर्षं अक्षय्य तृतीयेला तुमच्या हातच्या सांजोऱ्या खातेय की.

ताईबाई : खाद्यात तुमी. घागर कसाले भरतस ते कधी नै इचारं. आखाजीले मरेल मानूस पानी पेवाले येस. घरोघर घागर भरीसन ठेवतस, वर सांजोरी, आंबा. एकेकनं नाव लिसन पानी सोडतस. आबाना नावनं, आजीना नावनं. ज्यानं नाव घेतं त्यालेच पानी पोचस. मी सासूले म्हनं, अवंदा बाळनी एक धाकली घागर ठेवू. ती म्हने, कोना नावनी? ज्याले नाव नै त्याले पानी नै, आपलाम्हा तसं नै करतस. आखाजी पंधरा दिनवर उनी. बठ्ठा मरेल पानी पीसन जातीन आन मन्हा पोऱ्या दारम्हा उभा ऱ्हाई. कोनी त्याले ‘ये’ म्हनाव नै.

सिस्टर : तो देवाजवळ आहे. मी फादरना विचारलंय. मरणाच्या घडीला दिलेला स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, खरा असतो, मुलाने दिला तरी. त्याला कशाचीच उणीव नाही आता, तहानेचीसुद्धा नाही. माझा विश्वास आहे त्यावर.

ताईबाई : व्हई. मी नै कोठे म्हनस? तुमना देवजोडे शे का मन्हा देवजोडे, माले भांडनं नै. तो देव त्याले काय म्हनीसन हाक मारस, इतलंच सांगा.

सिस्टर : मला ठाऊक नाही.

ताईबाई : सिस्टरबाई.

सिस्टर : खरंच ठाऊक नाही. मी तिला विचारलंच नाही. ती दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाली, सिस्टर, मी ताईअक्काच्या बाळाला स्नानसंस्कार दिला. धर्मशिक्षणाच्या तासाला, आमच्या मुलांसमोर म्हणाली. मी सगळ्यांनाच म्हटलं, गप्प, पुन्हा हा शब्द काढायचा नाही. तेव्हापासून ती प्रश्नोत्तरं घडाघडा म्हणते, पण आपण होऊन एक शब्द बोलत नाही माझ्याशी. आधी नुसती टकळी होती.

ताईबाई : तुमीच शिकाडं, तिनी करं. शिकाडेल करं आन वरथून गप बसाडी. पोरनं काय व्हत व्हई?

सिस्टर : रेशमा. फडकं ठेव तिथेच, आणि बाहेर ये. घाबरू नकोस. ताईबाई तुझ्यावर रागावलेल्या नाहीत.

रेशमा : हो, सिस्टर.

सिस्टर : वर्गात आपण बाहुलीला स्नानसंस्कार दिला होता, तो धडा आठवतो?

रेशमा : स्नानसंस्कार साधारणपणे धर्मगुरू देतात. परंतु मरणाचे संकट असेल तर कोणीही देऊ शकते. कपाळावर स्वच्छ पाणी ओतावे व म्हणावे...

सिस्टर : पाठ नको म्हणूस. त्या दिवशी काय झालं ते सांग.

रेशमा : तुम्ही म्हणालात, हा शब्द काढायचा नाही.

सिस्टर : आता मीच काढायला सांगतेय.

ताईबाई : इकडे ये, बेटा. बठ मन्हाजोडे. शाळानं बोलू नको. आपलं बोल. त्या दिन मी गयी, मंग काय व्हयनं?

रेशमा : अक्का, मी मुद्दाम नै करं.

ताईबाई : माले म्हाईत शे.

रेशमा : तो झोयीम्हा व्हता. मी झोका दी ऱ्हायनी व्हती. तो रडता रडता बंद व्हयना. हात धरा तं गार. मी तुले हाका मार्‍यात, कोनी उनं नै. मंग माले धडा याद उना. घडवंचीवरथून पानी लिधं. त्याना कपाळवर टाकं, बाहुलीले टाकं तसं. अक्का, त्यानी तोंड उघाडं.

ताईबाई : काय?

रेशमा : पानी कपाळवरथून गालवर उनं, तं त्यानी तोंड तिकडे फिरावं. जीभ काढी. त्याले पानी पेनं व्हतं. आन मी परत कपाळवरच टाकं, तीनदाव टाकनं पडस ना. तोंडम्हा नै टाकं. बठ्ठं सरी गयं पानी. तो तसाच तोंड उघाडीसन ऱ्हायना.

सिस्टर : म्हणून रोज तांब्या नेतेस?

रेशमा : हो, सिस्टर. माझ्या वाटचं पाणी नेते. मी शाळेत पीत नाही.

सिस्टर : अरे देवा.

ताईबाई : मन्हाकडे देख, रेशमा. तो पानी पेतच नै व्हता. दोन दिनपासून. मी कापूसनी वात भिजाडीसन व्हटले लावी, तं बाहेर ई जाये. दूध घालं, तेबी बाहेर. त्यानं गळंच बंद व्हयेल व्हतं. तू तोंडम्हा टाकं असतं तं ठसका लागीसन तुन्हाच हातवर गया असता. आयकी ऱ्हायनी ना? तुन्हा पानीनी नै मरना तो. तिसना बी नै ठेवा तू त्याले. गार लागनं व्हई त्याले, तेच बरं लागनं. म्हनीसन तोंड फिरावं.

रेशमा : खरं?

ताईबाई : मी माय शे त्यानी. माले म्हाईत नै तं कोनले म्हाईत?

रेशमा : मंग तो माले सपनम्हा तोंड उघाडीसन काब्र दिखस?

ताईबाई : मन्हा बी सपनम्हा येस. आपला दोन्हीना सपनम्हा येस, मंग एकलीनी चूक कशी? आते सांग. नाव काय ठेवं तू त्यानं?

रेशमा : ते चुकनं, अक्का.

सिस्टर : चुकलं म्हणजे? संताचं नाव ठेवायला सांगितलं होतं मी. जोसेफ, पीटर, अँथनी. कुठलं ठेवलंस?

रेशमा : मला एकही आठवलं नाही, सिस्टर. तुम्ही म्हणाला होता, आपण ज्या नावाने पाणी ओततो त्याच नावाने देव त्याला हाक मारतो. मला वाटलं, देवाला कळलं पाहिजे, हा कोणाचा आहे ते. नाहीतर तो तिथे दुसऱ्याच कोणालातरी देऊन टाकेल. म्हणून मी...

ताईबाई : सांग ना, बेटा.

रेशमा : मी म्हनं, ‘ताईबाई, मी तुले पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने...’

सिस्टर : ताईबाई? मुलाचं नाव ताईबाई ठेवलंस?

रेशमा : हो.

सिस्टर : हसताय तुम्ही?

ताईबाई : हासू नै तं काय करू? दोन पोरं गयात, त्यासले बापनं नाव व्हतं, आजानं नाव व्हतं. मन्हं नाव कोनले लावतस का? सातबारावर नै, घरना दारवर नै. आन हाई पोर मन्हं नाव त्याले दी बठनी. आत्तेपावत माले वाटे, तो एकला शे तठे. माले रडू ई ऱ्हायनं, सिस्टरबाई, पन बरं रडू शे.

सिस्टर : पण मग आखाजीला कसं करणार? त्या नावाने पाणी कसं सोडणार तुम्ही?

ताईबाई : तेच तं. जिता मानूसना नावनी घागर भरतस नै. भरी तं ते मानूस वरीस काढत नै, असं म्हनतस. सासू माले घरम्हा भरूच देवाव नै.

सिस्टर : मग नका भरू. आपण दुसरं नाव धरू. मी फादरना विचारते. चांगलं, मुलासारखं नाव. प्रार्थनेत तेच घेऊ. देवाला काय, समजतं सगळं.

ताईबाई : देवले समजी. पोऱ्याले समजी का? ज्या नाववर तो गया, तेच नाव तो वळखी. मी भरसू.

सिस्टर : आणि वर्ष नाही निघालं तर? मंजुळा आहे तुम्हाला. मी नाही मानत असलं काही, पण तुम्ही मानता. भीती नाही वाटत?

ताईबाई : वाटस. का नै वाटाव? पन तो दारम्हा उभा ऱ्हाई आन मी घरम्हा सांजोरी खासू, ते माले जमाव नै. फक्त घागर कोठे ठेवू ते समजत नै. नालावर ठेवी तं बठ्ठं गाव देखी.

सिस्टर : आखाजीला शाळेला सुट्टी असते.

ताईबाई : व्हई, मंजुळा म्हने.

सिस्टर : फाटकाला कुलूप असतं. किल्ली माझ्याकडे. मागच्या अंगणातून नाला दिसतो, रस्त्यावरून मात्र अंगण दिसत नाही. घागर भरायला पाणी आमच्या विहिरीत आहे थोडं. गढूळ आहे, गाळून देईन.

ताईबाई : आन मन्ही घागरनी तुमनी शाळा बाटी गयी तं?

सिस्टर : बाटली तर बाटली. फादरना मी सांगेन काय ते. सकाळी लवकर या, ऊन व्हायच्या आत.

ताईबाई : येसू. पन एक अडचन शे. आपलं नाव आपन लिसन हाक कशी मारतस? मन्ही जीभ नै वळाव. सिस्टरबाई, तुमी माराश्यात?

सिस्टर : माझी हाक त्याला कळेल का, ताईबाई? त्याने मला कधी पाहिलंही नाही.

रेशमा : मी मारसू, अक्का. त्याले मन्हा आवाज वळखीना शे.