दिवाळीत घासलेला कंदील

—नाही गं, कंदील नको, कंदील आहे घरी. शेवाळं हवंय, दगडावर असतं तसं. मिळतं का तुमच्या या गार्डन सेंटरात तयार? बिल्ल्यावर ‘वैभवी’ दिसलं म्हणून मराठीत बोलतेय, तू नुसती मान हलवलीस तरी चालेल. तर आमच्या मागच्या गार्डनमध्ये जपानी दगडी कंदील आहे, अगदी हा असाच, कमरेएवढा, वर टोपीसारखं छप्पर — शशीनं, माझ्या नवऱ्यानं, रिटायर झाल्यावर आणला. जन्मभर हॉस्पिटलात लोकांना भूल दिली, आता स्वतःच भूल चढल्यासारखा त्याच्यासमोर चहा घेऊन बसतो. मग घरातलं ताक कमी व्हायला लागलं. मला वाटलं, पितोय, बरंय पोटाला. कुठलं काय — ब्रशनं त्या दगडाला लावत होता. ताकानं शेवाळं धरतं म्हणे. नॉटिंगहॅमच्या एवढ्या ओल्या हवेतसुद्धा तीन वर्षं लागली, पण धरलं, हिरवंगार, मखमलीसारखं. पाहुण्यांना बोट लावू देत नव्हता.

आणि मी काय केलं — तो गेला आठवडाभर ब्रिस्टलला, ईराकडे, लेकीकडे, आणि इथे दिवाळी आली चार दिवसांवर. ओटा घासला, देव घासले, कंदिलात पणती ठेवून बघायला गेले, म्हटलं, दिवाळीत असा कळकट दिवा? आणला तारेचा ब्रश. अर्ध्या तासात लख्ख. चुकून झालं, असं सांगणार आहे मी. सफाईच्या नादात हात थांबलाच नाही — पटेल ना? अशी बघू नकोस गं. बरं, थांबला होता. एकदा, छपराच्या काठाशी. काय घासतेय ते मला ठाऊक होतं. पण तो त्या दगडाला रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो, आणि मला म्हणतो ‘चहा झाला का’ — आणि मी आपली आतून, खिडकीतून बघते. तिथे खुर्ची एकच आहे ना.

अय्या, मी बोलतेय तोवर आतून आणलंस पण? किती छान. हुबेहूब तसंच, कळायचंसुद्धा नाही त्याला — नाही, कळेल. एकेक ठिपका पाठ आहे त्याला. आज सहाच्या ट्रेननं येतोय. ठेव हे परत, वैभवी. ताक आहे घरी, ब्रश आहे, लावू दोघं मिळून. आणखी तीन वर्षं तर तीन वर्षं. ती घडीची खुर्ची तेवढी दे मला. हो, एकच. एक आहे घरी.