लालीची वाट

—नाही गं, हे औषध नाही. तुझ्या लेकीला बरं-बिरं नाही करणार हे. आपल्याला दुखलं-खुपलं की आतल्या नसा जे काही सोडतात ना, तेच, पण माणसाने बनवलेलं. नाव काय, तर सबस्टन्स पी — पुढे काही नाही, नुसतं पी. चिमूटभर पावडर येते, गोठवून ठेवायची, नवी कुपी उघडली की आधी मी माझ्याच हातावर टोचून बघते. हा बघ हात, बावीस वर्षं टोचतेय. गांधीलमाशी चावल्यासारखी गाठ येते आणि भोवती लाली पसरते. गाठ सगळ्यांनाच येते. लाली मात्र दुखणं कळणाऱ्या नसा असतील तरच. झालं हिला टोचून, आता दहा मिनिटं थांबायचं. घे तिला मांडीवर, बाही खाली येऊ देऊ नकोस.

रडली नाही, हो, बघितलं मी. लस टोचतानाही रडत नाही म्हणालीस, सासूबाई वाघीण म्हणतात — अगं, आमच्याकडेही वाघच होता. माझा तय्यिब. सुंतेच्या दिवशी वस्तरा चालला त्या क्षणी आत्याने उंबऱ्यात मडकं फोडलं — पोराची किंकाळी ऐकू येऊ नये म्हणून फोडतात ना आपल्यात, तुमच्या गावाकडे, कैरुआनलाही फोडत असतील — तर मडकं फुटलं आणि किंकाळीच नाही. पोरगं खजूर चघळतंय. बायकांनी घर डोक्यावर घेतलं. मुन्सिफ, माझा नवरा, त्याला खांद्यावर घेऊन गल्लीभर नाचला. आणि मी? महिनाभर भेटेल त्याला सांगत सुटले. दिवसा इथे लोकांच्या हातावरची लाली मोजायची, आणि घरी त्याने जीभ चावून रक्त काढलं, तापल्या तव्यावर हात ठेवून तसाच बसला, की म्हणायचं, केवढा सोशिक माझा बाळ. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मुन्सिफ माझा सख्खा चुलतभाऊ. तुझा नवरा? — मामेभाऊ. हं. नाही, सहज विचारलं.

एकदा टोचून बघायला हवं होतं गं त्यालाही. कुपीत उरायचं ते मी फेकूनच देत होते. सुचलं नाही, असं सगळ्यांना सांगते मी. खोटं आहे ते. सुचलं होतं. दोनदा सुई भरली होती. लाली आली नसती तर काय करायचं, म्हणून परत ठेवली. मुन्सिफलाही हे माहीत नाही, तुला का सांगतेय कोण जाणे. मग ऑगस्टमध्ये वाळवंटाकडून तो भाजणारा शहीली वारा सुटला, त्यातच दिराचं लग्न. सगळी पोरं घामाने निथळत होती, हा एकटा कोरडा. ज्यांना असं दुखत नाही, त्यांच्यातल्या काहींना घामही येत नाही — मला हे नंतर कळलं. अंग भाजत होतं, विचारलं तर म्हणे, आई, मला काही होत नाहीये. संध्याकाळच्या अजानआधी गेला. पाच वर्षांचा होता.

झाली दहा मिनिटं. दे हात, बाळा. गाठ आलीय. — थांब, खिडकीपाशी आण तिला, इथे उजेड कमी आहे.

भोवती काहीच नाही.

नाही, माझ्याकडे बघू नकोस, सांगायचं काम डॉक्टरांचं. पण तू ऐक. उन्हात न्यायची नाही. रोज अंघोळीला तळपाय बघायचे, बोटं बघायची, तोंडाच्या आतही. अंग तापलं की कुणाला विचारत बसायचं नाही, गार पाण्यात धरायची. हिचं आज कळलंय, ऐकतेस ना, हिचं वेळेवर कळलंय. ऊठ. जा आत. मला पुढची कुपी काढायचीय.