हिरवी वायर

नाही हो, आत मग जाल. स्वयंपाकघर काय उठून चालायला लागणार आहे? अंमळ बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय डुगडुगतो — इथे ओट्यावरच टेका, वारा लागतो. कॉफी घ्या. मागल्या पडवीत स्टोव्हवर केलीय. वीज बोर्डाच्या लोकांनी आतला फ्यूज काढून नेला, तेव्हापासून आमचं सगळं पडवीतच. — तुम्ही आपल्यातले ना? कसं ओळखलं म्हणाल. छातीवरच्या पाटीवर काय लिहिलंय ते मला कळत नाही, मी शाळेची पायरी चढले नाही. पण मघाशी फाटकात उभं राहून फोनवर म्हणालात ना, ‘येतो गं, अंमळ वेळ होईल’ — या तमिळ मुलखात, अख्ख्या मेलकावेरीत असं कोण बोलतं? कुणाकडचे? — पोस्टातल्या पांडुरंगरावांचे नातू? शेषाद्री तो तुम्हीच? अहो, मग घरचेच की. तुमच्या आजीच्या हातचं डांगर खाल्लंय मी. मीठ सढळ असायचं, बाकी बाई चांगली.

तर घरचेच आहात, म्हणून सांगते, आत बघण्यासारखं काही नाही. जे झालं ते मी सांगते, तुम्ही लिहून घ्या. अठरा दिवस झाले. माझी सून सुप्रजा इडलीचं वाटण झाल्यावर ग्राइंडर धूत होती, तिला शॉक बसला. उजवा हात चिकटूनच राहिला. जीव वाचला, पण तीन बोटं मिटत नाहीत. पोर शाळेत गणित शिकवते हो, फळ्यावर लिहायचा हात तो. आता रोज संध्याकाळी वहीत डाव्या हाताने एक ते शंभर आकडे काढत बसते. मला वाचता येत नाही, पण वेडेवाकडे आलेत एवढं दिसतं. आज माझा मुलगा व्यंकटरमण तिला तंजावरला घेऊन गेलाय, बोटांचा व्यायाम करवतात तिथे. जाताना मला सांगून गेला — आई, इन्स्पेक्टर आला तर एवढंच सांग, वायरिंग त्यागराजने केलं, कागदावर सही त्याची, आम्हाला यातलं काही कळत नाही. एवढंच. पुढे बोलायचं नाही. — सांगितलं बघा. वायरिंग त्यागराजने केलं. सही त्याची. झालं?

त्याचं आता काय होईल हो? — लायसन्स जाईल. आणि? — पोलिसात कागद जाईल? केस? सही खोटी निघाली तर काही महिने लायसन्स बंद, पण काम त्याचंच असलं आणि माणसाला इजा झाली तर केस? असं. म्हणजे काम कुणाचं यावर सगळं आलं. — नाही, सहज विचारलं. कॉफी निवतेय.

काम चांगलं करतो बरं तो. बावीस वर्षं या बाजूला त्याच्याशिवाय कुणी बल्बसुद्धा लावला नाही. गेल्या वर्षी आम्ही वर मजला चढवला, तेव्हा कार्पोरेशनला नि बोर्डाला कागद हवा होता — सगळं घर लायसन्सवाल्याने तपासलं, ठीक आहे, असा. व्यंकट म्हणाला, जुन्या वायरी काढून सगळंच नवं करू. त्यागराज आला, महिनाभर खपला. भिंती चिरल्या, पाइप घातले, मागल्या अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरून तांब्याची पट्टी पुरली, अर्थिंग का काय ते. मला म्हणाला, पाट्टी — तो मला पाट्टीच म्हणतो, आजी — रोज इथे तांब्याभर पाणी ओता, ओल राहिली पाहिजे. मी ओतते. तुळशीला एक, त्याच्या खड्ड्याला एक. आजही ओतलं. ते तरी मी केलं.

बोर्डाचा माणूस? आला होता की. मीटर बघितला, कागद बघितला, गेला. आत कुणी आलंच नाही. — म्हणजे यायला कुणी मागितलंच नाही असं म्हणते मी.

आता तुम्ही असे बघू नका. तुमच्या घरी नव्हतं का सोवळं? आजी काय करत होत्या तुमच्या? आमच्या स्वयंपाकघरातच देव आहेत. न्हाऊन, आढ्याला टांगलेल्या काठीवर वाळलेलं मडीचं, सोवळ्याचं लुगडं नेसून आत जायचं, तिथे बाहेरच्या माणसाने पाऊल ठेवायचं नाही. हे मी नाही काढलं, माझ्या सासूच्या सासूपासून आहे. ते काही तो अमक्या जातीचा म्हणून — म्हणजे — तेही असेल. असेलच. त्याला कळत होतं. दिवाणखान्यापर्यंत सगळं स्वतः केलं आणि उंबऱ्याशी येऊन थांबला. म्हणाला, पाट्टी, आतलं कसं करायचं? मी म्हटलं, माझा भाचा आहे विजयेंद्र, विमा कचेरीत असतो, घरचे पंखे तोच दुरुस्त करतो, हात बरा आहे त्याचा. तू बाहेरून सांग, तो आतून करील.

आणि केलं हो तसं. विजयेंद्र विहिरीवर न्हाऊन ओल्या पंचानेच आला. त्यागराज दिवाणखान्यात स्टुलावर उभा, दारातून बॅटरीचा झोत आत टाकून ओरडतोय — सार, लाल डावीकडे, काळी उजवीकडे, हिरवी वरच्या मोठ्या भोकात. आणि आधी कोरडं काहीतरी नेसा, करंटला आंघोळीचं कौतुक नसतं. सुप्रजा हसली. मीही हसले. बरं चाललं होतं की. मग त्याला कुणाचा फोन आला, तो फाटकाकडे गेला, आणि विजयेंद्र मला म्हणाला, मावशी, ही हिरवी आत बसत नाहीय, आणि हिच्यावाचून दिवा लागतोय, मिक्सर फिरतोय. मग कशाला ती? असेल जास्तीची.

जास्तीचीच असेल. मला काय माहीत? लाल नि काळी म्हटलं की करंट, एवढं मला माहीत. चांगली जाड वायर होती, नवी. — जाऊ द्या ते.

त्यागराज परत आला. कागद हातात, पेन काढलेलं. उंबऱ्याबाहेरून मला विचारलं, पाट्टी, आत तिन्ही ठिकाणी हिरवी बसली ना? सही करू? मी काय म्हटलं? मी म्हटलं, बसली. देवासमोर उभी राहून म्हटलं. जेवणाची वेळ झाली होती, पानं मांडायची होती, तो जाईल तर मी आत वळेन, एवढंच माझ्या मनात. एक शब्द तो. त्याने सही केली.

पुढे रोज पहाटे ग्राइंडर लावला की मीटरजवळची ती छोटी पेटी खट्कन पडायची, घर काळोख. ट्रिप म्हणतात ना तिला? त्यागराजला फोन केला. म्हणाला, पाट्टी, आत कुठेतरी करंट गळतोय, ती पेटी तेच ओरडून सांगतेय, मला एकदा आत येऊन बघू द्या. आंघोळ करून येतो, असंही म्हणाला. आंघोळ करून येतो म्हणाला हो तो मला. मी म्हटलं, बघू, सण होऊन जाऊ दे. आणि विजयेंद्रला बोलावलं. त्याने स्वयंपाकघराची वायर त्या पेटीला वळसा घालून सरळ जोडून दिली. पेटी गप्प झाली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

हे नका लिहू. — लिहिलंत? — राहू दे मग.

त्याने काय सांगितलंय तुम्हाला? त्याचा जबाब असेल ना त्या फायलीत? वाचा. तमिळमध्ये असू दे, कळतं मला, ऐकायला सगळं कळतं. — परत वाचा. — ‘सर्व खोल्या मी स्वतः आत जाऊन तपासल्या.’ स्वतः? असं लिहिलंय? आत जाऊन? माझं नाव कुठे आहे त्यात? खाली बघा, मागल्या पानावर बघा. — नाही.

आत गेला तो. एकदाच गेला. त्या दिवशी वरच्या मजल्यावर गीझर जोडत होता. सुप्रजाचा आवाज आला नाही, माझाच आला. तो जिन्यावरून धावत खाली, पायात चपला, तसाच आत. मी दारात उभी होते. आणि खोटं कशाला सांगू — तिचा हात चिकटलेला दिसत होता मला, आणि तरी माझी नजर आधी त्याच्या चपलांकडे गेली. एक क्षण. पण गेली. त्याने इकडेतिकडे बघितलं, वरची मडीची काठी ओढून काढली, लुगड्यासकट, आणि त्या बांबूने तिचा हात मशीनवरून उडवला. ती पडली. त्याने प्लग काढला, तिची छाती दाबली, रिक्षा बोलावली, सगळं त्यानेच. आणि मग परत आत येऊन काठी उचलून कोपऱ्यात उभी केली — तेव्हा त्याला दिसली. काठीच्या दोन्ही टोकांना बांधलेली. हिरवी वायर. जुनी दोरी कुजली होती, म्हणून मीच विजयेंद्रकडून मागून घेतली होती, मला दे, काठी टांगायला होईल. सहा महिने माझं सोवळं तिच्यावर वाळत होतं.

त्याने ती बोटांत धरली. माझ्याकडे बघितलं. चपला हातात घेऊन बाहेर गेला. तेव्हाच्या त्या हातातल्या चपला काही केल्या जात नाहीत डोळ्यापुढून. सगळं झाल्यावर काढल्या त्याने.

व्यंकट सकाळी म्हणाला, आई, ती वायर काठीवरून सोडून विहिरीत टाक, माणूस यायच्या आत. पहाटे चारपासून बसलेय तिच्यासमोर. गाठ सुटत नाही म्हणून सांगणार होते तुम्हाला. गाठ साधी आहे. हातच लावला नाही मी.

हे बघा, तुम्ही विचाराल, तो असं का लिहून देतो? मला काय ठाऊक. म्हातारीच्या शब्दावर सही केली हे लिहायला त्याच्या हुन्नराला लाज वाटली असेल. नाहीतर ‘मला आत येऊ दिलं नाही’ हे लिहायची लाज असेल. ते तर अजून वाईट. पण काम त्याचं नव्हे. आतलं एकही टोक त्याने जोडलं नाही, हे लिहा. हिरवी मी काढून घेतली, पेटी मी गप्प केली, बसली म्हणून मी सांगितलं. विजयेंद्रचं नाव घालावं लागेल तर घाला, तोही काही लहान नाही, पण माझं वर घाला. सुंदरीबाई. व्यंकट रागावेल. सुप्रजा रागावणार नाही, तिला केव्हाच कळलंय — पडल्या पडल्या वर, त्याच्या हातातल्या काठीकडे बघत होती ती.

सही येत नाही मला. अंगठा देईन. शाई आहे का तुमच्याकडे? — मग आधी आत जाऊन बघून या. सरळ जा, डावीकडचं दार. काठी कोपऱ्यात आहे.

अहो, हे काय करताय, वाकताय कशाला? नको. बूट असू देत पायात. जा तसेच.