मध्येच अडकणारा

शिक्षिका बिघडलेला कीबोर्ड घेऊन रांगेत उभी होती. पुढे गेमसाठी कॉम्प्युटर जोडून घ्यायला आलेल्या एक मावशी दुकानदाराला खोदून खोदून विचारत होत्या. शिक्षिकेचे कान आपोआप तिकडे लागले.

"हा स्वस्तातला प्रोसेसर घेतला तर गेम चालतील ना?"

"चालतील की, मावशी. फक्त मोठ्या लढाईत मध्येच अडकतील."

"आणि त्याच्या वरचा?"

"तो सुसाट पळतो. नातवासाठी ना?"

"छे, आमच्या यांच्यासाठी. रिटायर झाल्यापासून नाद लागलाय."

"मग वरचाच न्या. काका जागचे हलणार नाहीत."

"अडकला की माणसं काय करतात हो?"

"वैतागून उठतात. घरात चक्कर मारतात, कुणाशी तरी बोलतात."

मावशींनी पर्स उघडली.

"स्वस्तातलाच द्या. यांनी विचारलं तर सांगा, दुसरा संपला होता."