चकचकीत की मॅट

छापखान्यात शाळेतल्या एक बाई प्रश्नपत्रिकांसाठी रांगेत ताटकळल्या होत्या. पुढे एक सुतार आणि त्यांची लेक छापखानेवाल्याकडे आपल्या फर्निचरच्या माहितीपुस्तिकेचा कागद निवडत होते.

“चकचकीतच घे. बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत!”

“बाबा, मॅट घेऊ या ना. शांत दिसतो.”

“शांत कशाला? आपण काय शोकसभा भरवतोय?”

“काका, मी नमुन्याला दोन्ही कागदांवर तुमच्या कपाटाचा फोटो छापलाय. खिडकीपाशी धरून बघा.”

“आणा इकडे... अरेच्चा! चकचकीतवर नुसता उजेडच दिसतोय. कोपऱ्यातला सांधा कुठे गेला?”

“चकाकीत झाकला गेला, बाबा. आता मॅटवर बघा.”

“हां! इथे कसा लख्ख दिसतोय. एक खिळा नाही, केसाएवढी फट नाही. मॅटच छापा हो. हा सांधा माझ्या लेकीने केलाय, जगाला दिसू दे!”

“काय सांगता! मला तर तुम्ही नुसतं ‘ठीक आहे’ म्हणाला होतात.”

“मग काय, तोंडावर कौतुक करून डोक्यावर चढवून ठेवू? अहो बाई, तुम्ही रांगेतल्या, जरा इकडे या. बघा हा सांधा!”