आधी वरच्यांनी सोडावं

डिसेंबर १९९७. बारामतीच्या स्टँडवर इंदापूर गाडी अजून लागली नव्हती. माझ्या शेजारी एकाच गावचे दोघं बसले होते. आप्पासाहेबांच्या हातात पेपर होता, म्हस्कूतात्यांच्या खांद्यावर घोंगडी.

“तात्या, जपानात समद्या देशांची बैठक झाली. धुरानं हवा तापाय लागलीया म्हणं.”

“मग?”

“मग काय! अमेरिकावाले म्हणत्यात, आमी धूर कमी करतो, पर हिंदुस्थानानंबी करावा.”

“आपला कितीसा धूर हाय?”

“त्येच म्हणतो मी! शंभर वर्सं ह्यांनी कारखानं चालवलं, मोटारी उडवल्या. आन आता आपली चूल पेटायच्या येळंला म्हणत्यात, समद्यांनी सारखीच काटकसर करूया. लाज वाटाय पायजे!”

“व्हय, वाटाय पायजे.”

“ज्यानं आधी घेतलं त्यानं आधी सोडावं. ह्यो न्याय हाय का न्हाय?”

“हाय की. मग आप्पासाहेब, कालव्याच्या चारीच्या तोंडाला तुमचा ऊस आन शेवटाला माझी ज्वारी. तुमच्या उसातलं पाणी रस्त्यावर वाहतंय, माझी ज्वारी कणसं यायच्या आधीच पोटऱ्यात करपली. आन परवा पाण्याच्या बैठकीत तुमीच उठून म्हणला, औंदा पाणी कमी हाय, समद्यांनी सारखीच काटकसर करूया.”

“तात्या, ती गोष्ट येगळी हाय.”

“व्हय. अमेरिकावालाबी जपानात असंच म्हणला आसंल.”