उशीवरची चिठ्ठी

इंग्रजीच्या परीक्षेला आलेली नर्स आणि तिचा नवरा रांगेत उभे होते. दारात बॅगा तपासणाऱ्या बाईंचे हात बॅगेत होते, पण कान या दोघांकडे.

“घरभर चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्यास! आरशावर ‘व्हॅनिटी’, फ्रिजवर ‘ग्लटनी’. ते एक वेळ ठीक. अगं, पण आईच्या खुर्चीवर ‘ऑब्स्टिनेट’?”

“क्लासचे सर म्हणाले, अर्थ जिथे दिसेल तिथे शब्द चिकटवा. दिखाऊपणा आरशात दिसतो, खादाडपणा फ्रिजमध्ये.”

“तिने डिक्शनरी उघडून अर्थ शोधला. हट्टी! दोन दिवस माझं डोकं खातेय.”

“आईंनी निदान शोधला तरी.”

“म्हणजे?”

“तुझ्या उशीच्या वर भिंतीला एक चिठ्ठी आहे.”

“आहे की. ‘इनडिफरन्ट’. रोज दिसते. तिचं काय?”

“अर्थ बघितलास?”

“मला तेवढाच उद्योग आहे! तूच सांग आणि संपव एकदाचं.”

“समोरच्याचं ज्याला काही म्हणजे काही पडलेलं नसतं, तो.”

“हं. आणि ही कधी चिकटवलीस?”

“तीन महिने झाले. घरातली पहिली चिठ्ठी तीच.”